तोक्तोसुनची आडवाट

"डाव्या अंगानं घाल," मी म्हणालो. तोक्तोसुननं उजव्या अंगानं घातली आणि जीप आसापर्यंत चिखलात बसली.

"तुझ्या बडबडीनं झालं ह्ये."

"माझ्या? नाल्यातनं जाऊ म्हनलं कुनी?"

तीन दिवस बर्फमिसळल्या पावसात कुडकुडल्यावर एक रानबोकड मिळाला होता. आमच्याकडं डोंगरातनं उतरणाऱ्या शिकाऱ्याला वाटेत भेटेल त्यानं "शिरालगा!" म्हणायचं, बोट दाखवायचं, की तो तुकडा शिकाऱ्यानं कापून द्यायचा. नाही दिला तर पुढची गोळी वाया जाते. सरळ वाटेवर मेंढपाळांची वस्ती, म्हणून हा शहाणा नाल्यात उतरला.

तसा तो कंजूष नाही. त्याची सून नुरिला पोटुशी होती. महिनाभर पोरगी अन्नाला शिवत नव्हती, पार वाळून गेली होती. एकदाच म्हणाली, रानबोकडाचं काळीज खावंसं वाटतंय. नवरा परमुलखात कामाला, तेव्हा डोहाळे पुरवायचे ते सासऱ्यानंच. मला त्याचं हसू येत होतं आणि मायाही वाटत होती.

"आता मार हाक," मी म्हणालो.

"कुनाला?"

"ज्यास्नी चुकवून आलास, त्यास्नीच."

त्यानं आधी काळीज फडक्यात गुंडाळून कोटाच्या आत घातलं, मग हाक मारली. घोडे आले, दोरखंड आले, शेवटी ट्रॅक्टरही आला. दोराला हात लावायच्या आधी प्रत्येकजण हसत म्हणाला, "शिरालगा, दादा!" मांड्या गेल्या, फऱ्या गेल्या, बरगड्या गेल्या. जीप वर आली तेव्हा मागं नुसती मुंडी उरली होती.

तेवढ्यात गाढवावर बसून म्हातारी सायरा-आपा आली. दोराला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

"शिरालगा! मला काळीज दे."

"काळीज न्हाई, आपा."

"बोकड बिनकाळजाचा हुता व्हय? मग तुज्या कोटातनं रगात कशाचं गळतंय?"

तोक्तोसुनचे कान लाल झाले. "सुनंसाठी हाय. डोहाळं लागल्यात तिला."

"मुडद्या, मग वाटेनं यायचं आन् तसं सांगायचं! पोटुशीच्या घासाला कुनी हात लावला असता का?" असं म्हणून म्हातारीनं काहीच न घेता गाढव हाकललं.

घरी पोचल्याबरोबर त्याच्या बायकोनं, बुरमानं, काळीज भाजून सुनेपुढं ठेवलं. आम्ही दोघं दारातच उभे. नुरिलानं एक घास तोंडाजवळ नेला आणि पदरानं नाक दाबलं.

"मामंजी, रागावू नगा. आता न्हाई जात."

तोक्तोसुन मटकन उंबऱ्यावर बसला. मला त्याच्याकडं बघवेना.

"पर ह्यो वास कशाचा?" पोरगी पुढं सरकली. सासऱ्याच्या बुटावरची पांढरी माती तिनं नखानं खरवडली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "आजून हाय का?"

"जीपभर हाय," मी म्हणालो.

बुरमानं नवऱ्याच्या हातात बादली आणि खुरपं दिलं. त्या पावसात तो जीपखाली उताणा झोपून नाल्यातली माती जपून खरवडायला लागला.

"शिरालगा, तोक्तो!" मी दारातनं ओरडलो.

त्यानं मातीचा गोळा माझ्या अंगावर फेकला. मग सरपटत बाहेर आला, तोच गोळा उचलला आणि परत बादलीत टाकला.