बायडाबाईंचा तंबोरा

मित्रांनो, तुम्ही मला रोज पाहता, पण मी कोण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मी एक जुना तंबोरा आहे. दाराआडच्या कोपऱ्यात, मळक्या गवसणीत, भिंतीला टेकून उभा असतो. माझ्या एका खुंटीला कुणीतरी छत्री अडकवली आहे. माझ्या दोन तारा गंजून तुटल्या, उरलेल्या दोन सैल पडल्या. आता बोलायचाही कंटाळा येतो. पण थकलेल्या माणसाला डोळे मिटण्याआधी एखादी गोष्ट सांगून टाकावीशी वाटते ना, तसं मला आज झालं आहे.

माझा जन्म मिरजेचा. नदीकाठच्या मळ्यातला एक मोठा भोपळा कारागिराने निवडून आणला, पोखरला आणि उन्हाळाभर वाळवला. मग त्याला तुणीच्या लाकडाची लांब दांडी बसवली, भोपळ्यावर तारा टेकायची घोडी बसवली, चार तारा ओढल्या. एवढं झालं तरी मी मुकाच होतो. मग त्याने प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला, आणि तार छेडताच माझं सगळं अंग गुंजू लागलं. या गुंजण्याला जवारी म्हणतात. मला वाटलं, आपण जगात गाण्यासाठी आलो. पुढे कळलं की आपण गायचं नसतं. गाणाऱ्याच्या पाठीशी राहून त्याला स्वर देत राहायचं, एवढंच आपलं काम.

मला कोल्हापूरला बायडाबाई घेऊन आल्या. त्या दरबारच्या गायिका होत्या. त्यांच्या खिडकीतून रंकाळ्यावरचा वारा यायचा आणि त्या वाऱ्याने माझ्या तारा उतरायच्या. बाई रोज सकाळी लुगड्याच्या पदराने मला पुसायच्या, तारा मिळवायच्या आणि मगच चहा घ्यायच्या. लोक म्हणत, बाईंच्या तंबोऱ्याचा आवाज म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यातली घंटा. त्या काळी मला फार अभिमान वाटे.

बाईंच्या साथीला आकाराम असत. ते सारंगी वाजवायचे. बाईंचा आवाज धारदार होता, पण दम कमी होता. लांब तान घेता घेता श्वास संपला की बाई क्षणभर थांबत. नेमक्या तिथे सारंगी तो स्वर उचलायची आणि पुढे न्यायची. ऐकणाऱ्याला वाटे, बाई थांबल्याच नाहीत. बाई म्हणायच्या, "माझा अर्धा दम आकारामाच्या छातीत हाय."

आकारामांची बायको लवकर वारली होती. त्यांची मुलगी लीला आमच्याच घरात वाढली. बाई तिची वेणी घालत, तिला भरवत, आणि रियाजाच्या वेळी ती माझ्या भोपळ्याला पाठ लावून झोपून जाई. तिच्या पाठीची ऊब मला अजून आठवते.

मग दिवस पालटले. संस्थान विलीन झालं, दरबार गेला आणि दरबारातली गाण्याची नेमणूकही गेली. बैठकी कमी झाल्या. लीला लग्नाची झाली. चांगली स्थळं येत, पण बाप सारंगी वाजवतो, तोही गाणाऱ्या बाईच्या मागे बसून, हे कळलं की परत जात. गाणं सगळ्यांना हवं होतं. सारंगीवाल्याची सोयरीक कुणालाच नको होती.

एके सकाळी आकाराम सारंगी गवसणीत बांधून घेऊन आले आणि त्यांनी ती माझ्या शेजारी ठेवली.

"बाई, ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पोरीचं लगीन हुईस्तवर माझ्या घरात नगं."

"आनी लगीन झाल्यावर रं?" बाईंनी विचारलं.

आकाराम गवसणीची गाठ पुन्हा आवळत राहिले. बाईंनीच उत्तर दिलं, "मग तर आनिकच नगं. व्हय की न्हाय? जा. पोरीचं बरं बघ. आनी वाटंत कुटं मी दिसले, तर वळख दिऊ नगंस."

आकारामांनी गारगोटीच्या बाजारात किराणा दुकान टाकलं. लीलाचं लग्न कोल्हापुरातच, अंबादासराव हेडमास्तरांच्या मुलाशी झालं. मध्यस्थाने मुलीचे वडील गारगोटीचे व्यापारी आहेत एवढंच सांगितलं होतं. अक्षता पडल्या तेव्हा बाई घरीच होत्या. दुपारभर त्या माझ्या तारा लावत बसल्या होत्या. तारा तर केव्हाच लागल्या होत्या.

त्यानंतर साथीशिवाय गाणं म्हणजे काठीशिवाय घाट चढण्यासारखं झालं. कधी पेटीवाला मिळे, कधी नाही. बाईंना दम्याने गाठलं. त्या लवकर थकू लागल्या, आणि त्यांच्या मांडीवर मीही थकू लागलो.

एकदा एक गृहस्थ घरी आले. "आम्ही शाळेतून निवृत्त होतोय," ते म्हणाले. "घरी छोटीशी बैठक करायची आहे. घरचेच लोक, थोडे स्नेही. आपण यावं." बाईंनी नाव विचारलं. ते अंबादासराव होते, लीलाचे सासरे. बाई नाही म्हणणार असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "यीन की." पोरीला एकदा तिच्या घरात, तिच्या संसारात पाहावं, एवढाच त्यांचा लोभ.

दिवेलागणीला आम्ही पोहोचलो. माजघरात जाजम अंथरलं होतं. पेटीवाला तापाने आजारी पडला होता, म्हणून बाई, तबलजी आणि मी एवढेच. तंबोरा छेडायलाही कुणी नव्हतं, तेव्हा बाईंनी मला स्वतःच्याच मांडीवर घेतलं. तारा मिळवताना त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा हात खुंटीवरच राहिला. समोर पाहुण्यांच्या रांगेत, कोट-टोपी घालून, आकाराम बसले होते. त्यांना गाणं आहे एवढंच कळवलं होतं. कुणाचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

अंबादासरावांनी ओळख करून दिली, "हे आमचे व्याही. गारगोटीला दुकान आहे."

बाईंनी हात जोडले. "नमस्कार, पावणं," त्या म्हणाल्या. "लांबनं आलासा."

"नमस्कार," आकाराम जाजमाकडे बघत म्हणाले.

लीला चहा घेऊन आली. सगळ्यांना कपबशा होत्या. बाईंसाठी काचेचा वेगळा पेला होता. तो पुढे करताना लीलाची बांगडी पेल्यावर वाजत होती. बाई हळूच म्हणाल्या, "ठिव बाळ, सांडंल." एवढं एकच वाक्य त्या दोघींमध्ये झालं.

बाईंनी मारवा सुरू केला. मित्रांनो, मारवा हा सूर्य बुडतानाचा राग. त्यात गाणारा षड्जाच्या, म्हणजे आपल्या मूळ घराच्या, आसपास फिरत राहतो. घर दिसतं, पण लवकर आत पाऊल टाकायचं नाही. असं फिरायला फार दम लागतो. सुरुवात सुरेख झाली. अंबादासरावांनी डोळे मिटले. पण जसजसा राग वर चढू लागला, तसतसा बाईंचा श्वास तुटू लागला. एक तान अर्ध्यावर संपली. दुसरी त्याहून आधी संपली. प्रत्येक वेळी बाई थांबत, आणि थांबल्या जागी फक्त माझा आवाज उरे. ती जागा माझी नव्हती. मला ती भरता येत नव्हती. लोक चुळबुळू लागले. मागे कुणीतरी कुजबुजलं, "बाई संपल्या आता." बाईंच्या बोटांना घाम आला होता आणि माझ्या तारांवरून ती निसटत होती.

तेव्हा आकाराम उठले. सगळ्यांच्या मधून चालत आले, बाईंच्या मागे बसले आणि म्हणाले, "द्या हिकडं. मी धरतो."

"नगं," बाई ओठातल्या ओठात पुटपुटल्या. "पोरीचं घर हाय."

आकारामांनी मला बाईंच्या मांडीवरून उचलून घेतलं. किती दिवसांनी तो हात मला लागला होता! बाई पुन्हा गाऊ लागल्या. वरच्या स्वराशी त्यांचा श्वास सुटला, आणि मागून आकारामांनी तो स्वर गळ्याने उचलला. हलकाच, सारंगीसारखा. बाईंनी श्वास घेतला आणि पुढे गेल्या. पुन्हा तसंच झालं, पुन्हा तसंच. शेवटी दोघे मिळून षड्जावर आले तेव्हा खोलीत कुणी हलत नव्हतं. तबलजीने तबल्यावरचे हात उचलून कपाळाला लावले.

अंबादासराव कौतुकाने म्हणाले, "व्याही, तुम्हाला गाणं येतं हे ठाऊकच नव्हतं! बाई, तुम्ही यांना आधी ओळखत होता की काय?"

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "न्हाय जी," त्या म्हणाल्या. "मी कशाला वळखती? पावणं जाणकार दिसत्यात."

त्या दोन शब्दांनी, 'न्हाय जी'ने, आकारामांचा चेहरा कसा झाला ते मी जवळून पाहिलं. मी अजून त्यांच्या हातात होतो. त्यांनी मला अलगद जाजमावर आडवं ठेवलं.

"बाई खोटं बोलत्यात," ते म्हणाले. "माझ्यासाठी बोलत्यात. हेडमास्तर, मी ह्यांच्या मागं बसून सारंगी वाजवली. उभा जलम तेच केलं. माझी पोर ह्यांच्याच हाताचं खाऊन वाढली. तुमच्यापासनं लपवलं ते मी. ह्या बाईंची वळख मोडली तीबी मीच. आता न्हाई मोडवत."

अंबादासरावांनी सुनेकडे पाहिलं. "लीला, तुला हे माहीत होतं?"

लीलाने हातातलं तबक खाली ठेवलं. "हो," ती म्हणाली. "माझी वेणी बायडामावशीच घालत होत्या." आणि सगळ्यांच्या देखत तिने बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

कुणी आरडाओरडा केला नाही. त्या घरात आवाज चढवायची रीत नव्हती. अंबादासराव उठून आत गेले, एवढंच. पाहुणे चपला शोधू लागले. बाई आणि मी टांग्याने घरी आलो.

त्यानंतर बराच काळ लीलाला माहेरी धाडलं नाही. गारगोटीला निरोप जाणं बंद झालं. आकारामांनी दुकान भाच्याला देऊन टाकलं आणि ते कोल्हापूरला परतले. माझ्या शेजारची सारंगी त्यांनी उघडली तेव्हा तिच्या कातड्याला कसर लागली होती. त्यांनी ती दुरुस्त करून आणली. पण बोटं जड झाली होती, आणि बाईंचा दमाही वाढला होता. संध्याकाळी दोघं थोडा वेळ बसत. बाई चार स्वर गात, मग नुसतं ऐकत. लेकीच्या आठवणीने आकाराम कधी मध्येच सारंगीचा गज थांबवत. "पस्तावलास काय रं?" बाई विचारत. "पोरीसाठी जीव तुटतो," ते म्हणत. "बाकी न्हाई."

पुढे एका संध्याकाळी बाईंच्या दारात अंबादासराव उभे राहिले. शेजारी लीला होती, कडेवर तिचं बाळ. अंबादासराव म्हाताऱ्यासारखे दिसत होते.

"त्या दिवशीचा मारवा कानातून जात नाही," ते म्हणाले. "पुन्हा ऐकायला आलो."

"बाई आता गात न्हाईत," आकाराम म्हणाले. "लई उशीर केलासा."

बाई अंथरुणावरून म्हणाल्या, "तू वाजीव की. आलेल्या मानसाला असं परत धाडतोस?"

आकारामांनी सारंगी घेतली. लीलाने बाळाला बाईंच्या कुशीत ठेवलं आणि मला हातात घेतलं. अंबादासराव जमिनीवरच बसून ऐकत राहिले. निघताना त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला. आकारामांना म्हणाले, "व्याही, दिवाळीला या. सारंगी घेऊन या." आकारामांनी फक्त मान डोलावली. आनंद व्हायलाही अंगात जोर लागतो, मित्रांनो. तो तेव्हा कुणाच्यातच उरला नव्हता.

बाई पावसाळ्याआधी गेल्या. काही वर्षांनी आकारामही गेले. लीलाने मला या घरात आणलं. तिचे हात चालत होते तोवर तिने मला जपलं. आता ती थकली, आणि मी दाराआड गेलो. माझी तक्रार नाही. वाद्याला विसरणं हा जगाचा नेमच आहे. तरी वाटलं तर ती छत्री काढा, धूळ पुसा, एक तार बसवा. मला तेवढ्याने बरं वाटेल.

पण त्याआधी एक करा. तुमच्या पाठीशी बसून तुमचा तुटका श्वास ज्यांनी पुढे नेला, ते कुणी असतील, कुठल्याही घरातले असतील. चारचौघांत तुम्हाला कुणी विचारलं, "यांना ओळखता का?" तर खाली बघू नका. 'हो' म्हणा, आणि लवकर म्हणा. मी त्या संध्याकाळी सगळं जाणून गप्प होतो, कारण तंबोऱ्याला शब्द नसतात. तुम्हाला आहेत.