दोन नळ्यांची पाणबुडी

“उलटी,” धरमसिंग खाटेवरून म्हणाला.

“काय उलटी?” त्याच्या बायकोनं, गोमतीबाईनं, चिमटीतली स्प्रिंग उजेडाकडे धरली.

धरमसिंगनं ओठ हलवले. शब्द जिभेपाशी येऊन अडकला. शेवटी त्यानं डाव्या हातानं हवेत गोल फिरवून दाखवलं.

“अस्सं. बारीक तोंड मांगं पायजे व्हय?”

त्यानं मान हलवली.

तिच्या मांडीवर पाणबुडी आडवी होती. हातभर लांब, बोअरच्या पाइपातून घडवलेली, काळ्या रंगाची. केनवडजवळच्या तांड्यावर पाणबुडी पाहिलेला माणूस एकच, धरमसिंग. नौदलात पंधरा वर्षं तो पाणबुडीत टॉर्पेडोवर होता. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यानं रिमोटवर चालणारी ही पाणबुडी बनवायला घेतली. ती चालत होती, बुडत होती, वर येत होती. नाकातल्या दोन नळ्यांतून टॉर्पेडो सोडायचं काम तेवढं राहिलं, आणि त्याची उजवी बाजू गेली. वाचाही अर्धी गेली.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं पाणबुडी खाटेखाली सारायला लावली. मुलगी निता वाशीमहून येऊन व्यायाम शिकवून गेली, तो त्यानं केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एका सकाळी गोमतीबाईनं पाणबुडी बाहेर ओढली, पुसली आणि त्याच्या पुढ्यात बसली.

“मी बसवते म्हणलं नळ्या. तुमी सांगा.”

“तुले... नाही...”

“कांचळीवर सुईनं आरसे टाकते मी. हे काय त्याहून बारीक हाय?”

ते त्याहून बारीक होतं. प्रत्येक नळीत मागे स्प्रिंग, तिच्यापुढे टॉर्पेडो, आणि त्याला अडवून धरणारी एक पिन. दोन्ही पिना दोऱ्यानं आतल्या एकाच छोट्या मोटरीच्या दांडीला बांधायच्या. रिमोटची कळ डावीकडे सारली की डावी पिन निघावी, उजवीकडे सारली की उजवी. टॉर्पेडो म्हणजे पेनाच्या रिकाम्या नळ्या, दोन्ही टोकं मेणानं बंद केलेल्या. त्या ना तरंगाव्यात ना बुडाव्यात, म्हणून गोमतीबाई त्यांत शिशाचे कण घालून पुन्हा पुन्हा बादलीत सोडून पाहत होती.

“हलका,” तो म्हणायचा. मग “जड.” मग पुन्हा “हलका.” दवाखान्यातून आल्यापासून तो एवढे शब्द कोणाशी बोलला नव्हता.

पाण्याच्या टाक्यात पहिली चाचणी झाली. कळ सारली. मोटर घुरघुरली, पण पिन निघाली नाही. गोमतीबाईचा सुती दोरा पाण्यानं फुगून भोकात गच्च बसला होता. तिनं ओढला तर तुटला.

“बंद!” धरमसिंग ओरडला. डाव्या हातानं त्यानं शिशाची डबी भिरकावली. कण अंगणभर उडाले. “बंद कर!”

गोमतीबाई खाली बसून कण वेचू लागली. वेचता वेचताच तिनं विचारलं, “तुमच्या तथी पाणबुडीत अटकलं, त का करत होते तुमी? घरी येत होते निंघून?”

त्यानं पाणबुडीकडे मान वळवली.

“काढायचा,” तो म्हणाला. “पुन्हा... भरायचा.”

“मंग काढा.”

तिनं पाणबुडी खाटेवर ठेवली. त्यानं आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि वजनासारखा पाणबुडीवर ठेवला, ती हलू नये म्हणून. मग डाव्या हातानं पिन ओढू लागला. घाम फुटला, पण पिन निघाली. सुती दोऱ्याच्या जागी गोमतीबाईनं मासे धरायचा नायलॉनचा दोरा ओवला.

शेजारच्या रूपलाच्या शेततळ्यावर ते गेले, तेव्हा रूपलानं धरमसिंगला मोटरसायकलवर बसवून आणलं. “वैनी, खरंच सुटते का हे?” त्यानं विचारलं.

“पाह्यजो ना,” गोमतीबाई म्हणाली.

पाणबुडी पाण्याखाली गेली. हिरवट पाण्यात तिची काळी पाठ तेवढी दिसत होती. धरमसिंगनं रिमोट मांडीवर ठेवला आणि अंगठ्यानं कळ डावीकडे सारली. नाकातून एक चंदेरी रेघ निघाली आणि सरळ गेली. रूपलानं शिट्टी मारली. कळ उजवीकडे. दुसरी रेघ निघाली, पहिलीपेक्षाही सरळ.

धरमसिंग हसला नाही. रेघा जिथं दिसेनाशा झाल्या तिकडे पाहत राहिला.

“पंधरा वर्सं,” तो सावकाश म्हणाला, एकेक शब्द हातानं उचलून ठेवावा तसा. “भरत होतो. पुसत होतो. लढाईत... एकही सोडावा लागला नाही. कोणी... मेलं नाही, गोमती.”

“बरं झालं,” ती म्हणाली.

तो अजून काही म्हणेल म्हणून ती थांबली. मग लुगडं खोचून पाण्यात उतरली, त्यानं काठाशी आणलेली पाणबुडी उचलली आणि तिचं नाक खाली केलं. रिकाम्या नळ्यांतून पाणी गळून संपेपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली.