चार बोटांचा झोळ

मास्तरांच्या दुकानातला प्रत्येक कपडा दोन परीक्षा देऊनच बाहेर पडायचा. आधी मास्तर तो उजेडासमोर धरून शिलाई बघत, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून त्याला एक गिरकी घ्यायला लावत. कुठे झोळ नाही, कुठे चुणी नाही, अशी खात्री पटली की मगच पत्र्याच्या डबीतून एक लाल पट्टी निघायची आणि ते ती आतून, मानेपाशी, स्वतःच्या हाताने टाचायचे. बोटभर लांबीची ती पट्टी म्हणजे दुकानाची सही होती.

त्यांची लेक, जिला सगळी गल्ली धाकटी म्हणायची, शेजारच्या मशीनवर बसायला लागून बरीच वर्षं झाली होती. काजं, कॉलर, अस्तर, सगळं तिच्या हाताखालून जायचं. पण मापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तिने एकटीने शिवलेल्या एकाही कपड्याला लाल पट्टी मिळाली नव्हती. मास्तर कपडा हातात घेत, उलटा करून बघत आणि म्हणत, "छान झालाय. अजून अंगाबरोबर मात्र नाही." ते रागावत नसत. रागावले असते तर बरं, असं धाकटीला वाटायचं.

त्या उन्हाळ्यात गल्लीमागचा कालवा आटला आणि जागोजागी डबकी उरली. संध्याकाळ झाली की डासांचे थवेच्या थवे उठायचे. माणसं दारं लावून घेत, पंखे लावत, मच्छरदाणीत शिरत. पण मिरीने काय करावं? मिरी म्हणजे गाडीवाल्या मावशींची घोडी. करड्या अंगावर काळे ठिपके, म्हणून मिरी. दिवसभर ती घरोघरी पाण्याचे कॅन पोचवायची आणि रात्रभर तबेल्याच्या भिंतीला अंग घासत उभी राहायची. घासून घासून तिची पाठ सोलवटली होती.

एका सकाळी मावशी दुकानात आल्या त्या थेट मुद्द्यावरच.

"मास्तर, मिरीला झगा शिवायचाय. मच्छरदाणीच्या कापडाचा."

शेजारचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून पुढे आला. "बाही पूर्ण की अर्धी?"

"तू गप रे! धूर केला तर ती खोकत बसते. मलम लावलं तर पुरळ उठतं. पाठ अशीच राहिली तर तिच्यावर साज चढवता येणार नाही. मग तिला डोंगरात भावाकडे पाठवायची आणि मी काय, कॅन डोक्यावर घेऊन फिरू?"

"मावशी, मी माणसांचे कपडे शिवतो हो," मास्तर म्हणाले.

"मी शिवते," धाकटी म्हणाली. टेप तिच्या गळ्यात होताच. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "माप तुझं, कापड तुझं, कात्री तुझी. जमला तर पट्टी लावीन. घोडीचा आहे म्हणून सूट मिळणार नाही."

धाकटीने मिरीचं माप घेतलं ते एखाद्या नवरीचं घ्यावं तसं. मानेचा घेर, खांद्याचा उतार, पाठीचा खोलगटपणा, पुठ्ठ्याची गोलाई. मिरीने मधेच तिचा खडू खाऊन टाकला, तरी ती चिडली नाही. झगा तयार झाला आणि मिरीच्या अंगावर चढला, तेव्हा बघायला निम्मी गल्ली जमली होती. कापड पाठीवरून असं वाहत गेलं होतं की जणू घोडी ते लेवूनच जन्मली! मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून आले. चुणी नाही. झोळ नाही. त्यांनी खिशातल्या डबीवर हात ठेवला, मग काढला.

"आजची रात्र जाऊ दे. उद्या लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी झगा उतरवला आणि त्या मटकन बादलीवर बसल्या. मिरीच्या अंगावर ताज्या गांधी उठल्या होत्या. झगा कुठेही फाटलेला नव्हता. एक टाका उसवलेला नव्हता.

"डासांनाही फिटिंग आवडलेलं दिसतंय," इस्त्रीवाला म्हणाला. कोणी हसलं नाही, तेव्हा तो आपणहून मागे सरकला.

मास्तरांनी झगा उलटा करून बघितला. त्यांना स्वतःलाच काही कळत नव्हतं. त्यांच्या लेखी झग्यात काहीच चूक नव्हती. पण डबी खिशातच राहिली.

धाकटीचे डोळे भरून आले होते. तरी हात सवयीप्रमाणे खडूकडे गेला. कपडा बिघडला की तो अंगावर ठेवून कुठे ओढतो, कुठे दाटतो ते बघायचं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. मग चावे का बघू नयेत? ती एकेका गांधीवरून बोट फिरवत गेली. पाठीवर गर्दी. खांद्यांवर गर्दी. पुठ्ठ्यावर तर विचारायलाच नको. पोटाखाली, जिथे कापड थोडं सैल लोंबत होतं, तिथे मात्र एकही नाही. गळ्याखाली नाडीजवळ कापड फुगलं होतं, तिथेही नाही.

ती थबकली. जिथे फिटिंग उत्तम, तिथेच चावे!

"बाबा, तुमचं कोपर दाखवा."

"माझं? आता माझं कोपर कशाला?"

"दाखवा तर."

मास्तरांनी बाही वर केली. कोपरावर लाल गांधींची रांग होती. दर उन्हाळ्यात असायची. दर उन्हाळ्यात मास्तर मच्छरदाणीला भोक पडलंय म्हणून ती उजेडात धरून शोधत बसत, सापडेल त्या विरलेल्या जागी ठिगळ लावत, आणि पुन्हा खाजवत.

"तुम्ही कोपर जाळीला टेकवून झोपता. डास आत येतच नाही. तो बाहेर बसून जाळीतून सोंड घालतो. मिरीला मी नखशिखांत जाळीला टेकवून ठेवली! अंगाबरोबर शिवलं ना, म्हणून."

मावशी आधी मिरीकडे, मग मास्तरांच्या कोपराकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मच्छरदाणीला उगाच ठिगळं लावताय?"

"ती ठिगळं छान लागलीयेत," मास्तर म्हणाले.

धाकटीने झगा उसवला. नव्याने बेतला तेव्हा कापड पुरेना, म्हणून वरून आणखी जोडलं. कापूस भरून लांबट वळकट्या शिवल्या आणि त्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांवर आणि पुठ्ठ्यावर आतून टाचल्या, म्हणजे जाळी त्यांच्यावर तोलून राहील आणि कातडीपासून लांब. खालचा काठ मिरीच्या पायात येणार नाही इतका वर ठेवला आणि डास खालून शिरू नयेत म्हणून पोटाखाली नाड्यांनी बंद केला. झगा चढवायला ती तबेल्यात गेली तेव्हा तिला पाण्याच्या हौदात काहीतरी वळवळताना दिसलं.

"मावशी, वर आपण झगा शिवतोय आणि खाली तुम्ही डासांचं पाळणाघर चालवताय!"

मावशींनी जीभ चावली. हौद तिथल्या तिथे उपसला, घासला आणि अंगणात पडलेल्या रिकाम्या बादल्याही पालथ्या घातल्या.

या वेळी बघायला आलेल्यांना हसू आवरेना. मिरी तंबूसारखी दिसत होती. "आत किती माणसं झोपतात?" इस्त्रीवाल्याने विचारलं. धाकटी नाड्यांच्या गाठी पुन्हा तपासत होती. बाबांनी झगा नुसता एकदा बघितला आणि ते दुकानात निघून गेले, ते तिला दिसलं होतं.

सकाळी ती तबेल्यात पोचली तेव्हा मास्तर आधीच तिथे होते. मिरी शांत उभी होती, डोळे अर्धे मिटून. मावशींनी झगा वर उचलून धरला होता. जुन्या गांधी बसत चालल्या होत्या आणि नवी एकही नव्हती.

"भिंतीला लागलीसुद्धा नाही रात्रभर," मावशी हळूच म्हणाल्या, कोणाला झोपेतून उठवायचं नसल्यासारख्या. "अगं, बाळासारखी झोपली उभ्या उभ्या."

त्यांनी झगा सोडला. मास्तरांनी जाळीखाली हात घातला. मानेपासून सुरुवात केली. कातडी आणि कापड यांच्यामध्ये त्यांची चार बोटं अलगद बसली. खांद्यावर चार बोटं. पाठीवर चार बोटं. पुठ्ठ्यावरून शेपटीपर्यंत ते चाचपत गेले, दुसऱ्या बाजूने परत आले.

"हा झोळ चुकून पडलेला नाही," ते म्हणाले.

"नाही बाबा. मोजून घातलाय. सगळीकडे सारखा."

मास्तरांनी मिरीच्या मानेवर हात ठेवला.

"मी आयुष्यभर अंगाचं माप घेत आलो. तू डासाच्या सोंडेचं घेतलंस. फिटिंग याला म्हणायचं."

त्यांनी डबी उघडली, सुई ओवली आणि लाल पट्टी टाचायला घेतली. आतून नाही. बाहेरून, खांद्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

"मास्तर, पट्टी उलट्या बाजूला लागतेय!" इस्त्रीवाला दारातून ओरडला.

"तुला दिसतेय ना?"

"दिसतेय की."

"मग बरोबर लागलीय."

धाकटीने तोंड फिरवून मिरीची आयाळ विंचरायला घेतली. आयाळीत गुंता नव्हता, तरी ती बराच वेळ विंचरत राहिली.

त्या दिवशी दुकानात जो येईल त्याला मास्तर आधी तबेल्याकडे पाठवत होते. "जा, आमच्या धाकटीने घातलेला झोळ बघून या. मग शर्टाचं बोलू." आणि दिवेलागणीला मशीन झाकून ठेवायच्या आधी त्यांनी घरून आणलेली आपली ठिगळांची मच्छरदाणी तिच्या टेबलावर ठेवली.

"कोपराकडून ऐसपैस कर," ते म्हणाले. "आणि पट्टी विसरू नकोस. डबी तुझ्या खणात ठेवलीय."