शेरा : कार्य नाही

मी एक जुने जनुक आहे, मित्रांनो. माणसाच्या छातीत घर करणाऱ्या क्षयाच्या जंतूच्या पोटातले. जनुक म्हणजे जंतूने काय करावे हे सांगणारी सूचना. आम्ही जवळजवळ चार हजार भावंडे. कुणी जंतूची भिंत बांधते, कुणी अन्न पचवते. माणसांनी आमची यादी केली तेव्हा अनेकांना कामावरून नावे मिळाली. माझ्या वाट्याला नुसता नंबर आला आणि पुढे शेरा : ‘कार्य अज्ञात’. त्याचे मला वाईट वाटले नाही. अज्ञात म्हणजे अजून कुणीतरी शोधणार, एवढी आशा त्यात होती.

मग एका प्रयोगशाळेत एक ताई माझ्या मागे लागली. तिने काही जंतूंमधून मला काढून टाकले आणि त्यांना बाटलीतल्या उबदार, पौष्टिक रसात सोडले. महिन्याभरात ते माझ्यावाचून छान वाढले. वाढणारच! भरल्या ताटावर माझे काय काम? जंतू उपाशी पडला, त्याची हवा तुटली, की त्याला झोपवायचे, एवढेच मला येते. आणि झोपलेल्या जंतूला औषध सहसा मारत नाही.

ताईला शंका होती. “सर, एकदा उपाशी ठेवून बघू या का?”

“आणखी सहा महिने? अहो, डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघायचा नाही. ‘अज्ञात’ खोडा, ‘कार्य नाही’ लिहा.”

तिने प्रयोगाच्या वहीत तसे लिहिले.

त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ खोकू लागला. तो घड्याळे दुरुस्त करायचा. सहा महिने गोळ्या घेऊन तो बरा झाला, अंगावर मांस चढले. पण त्याच्या छातीत मी थोडे जंतू झोपवून ठेवले होते. गोळ्या थांबल्या आणि ते उठले.

“ताई, तुझी शप्पथ, एक गोळी चुकवली नाही गं,” तो खाटेवरून म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, चुकवलीच असणार.”

“तुझं नाही चुकलं रे. माझंच काम अर्धं राहिलंय.”

तिने कुणालाही न विचारता उपाशी जंतूंचा प्रयोग लावला. आमचा जंतू फार सावकाश वाढतो, त्याला घाई चालत नाही. अकराव्या आठवड्यात भाऊ गेला. ताई चार दिवस आली नाही. तेवढ्यात सरांनी बाटल्यांवरचा नंबर पाहिला, वहीतला शेरा वाचला आणि सगळ्या बाटल्या वाफेत नष्ट करवल्या.

रिकामे कपाट पाहून ताई खाली फरशीवर बसली.

“अहो, तुमच्याच अक्षरात लिहिलं होतं ना,” सर हळू आवाजात म्हणाले.

मित्रांनो, जे कळले नाही त्याला बिनकामाचे म्हणू नका. आता, या घडीला, कुणाच्या तरी छातीत एक जंतू उपाशी आहे आणि मी त्याला झोपवत आहे. मला शोधा, मला थांबवा. मला स्वतःहून थांबता येत नाही.