सासऱ्यांची तिथी

मोहन पाष्टेचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागायचा होता. श्रावण संपायच्या आत रियाध सोडायचं, असं कंपनीनं सांगितलं होतं. सुतारकामाची हत्यारं त्यानं कॅम्पमधल्या पोरांना वाटून टाकली. जाड ब्लँकेट खोलीतल्या नेपाळ्याला दिलं. एक काम तेवढं राहिलं होतं, आणि ते इथं असतानाच व्हायला हवं होतं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, जमा केला की साठीच्या माणसाला या देशात परत कोण बोलावतो?

काम सासऱ्यांचं होतं. भिकू धुमक गवंडीकामाला सौदीत आले आणि इथंच वारले. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. मोहनची बायको रेखा तेव्हा शाळेत होती. खबर गावात पोचली ती दुसऱ्या वर्षी, बरोबरचा एक माणूस सुट्टीवर आला तेव्हा. दिवाळीच्या आधी गेले, छातीत दुखलं, हॉस्पिटलात नेलं तिथंच संपलं, एवढंच तो सांगू शकला. तारीख त्याला आठवत नव्हती. पुढं तोही वारला.

तिथी माहीत नाही म्हणून सासू तुळसाबाई भिकूंचा म्हाळ सर्वपित्रीला घालायच्या. "सगळ्यांच्या पंगतीत बसवते त्यांना," त्या म्हणायच्या. "त्यांचं एकट्याचं पान काय अजून वाढलं नाय."

हे रेखाला फार लागायचं. मोहन सौदीला जायला निघाला की ती बॅग भरता भरता म्हणायची, "तुम्ही तिकडेच असता. आप्पांचं बघा." मोहननं बघितलंही होतं. भिकूंना पत्रं बुरैदाच्या पोस्टबॉक्सवर जायची, म्हणून तो एकदा सुट्टी काढून बुरैदाला गेला होता. हॉस्पिटलात विचारलं, नगरपालिकेत विचारलं. त्या नावाचा कोणी मेलेला नाही, असं उत्तर मिळालं. ते त्यानं फोनवर रेखाला सांगितलं.

"मग गेले कुठं?" रेखा म्हणाली.

गेल्या वर्षी माघात रेखा चिपळूणच्या दवाखान्यात वारली. मोहन पोचला तो तिसऱ्या दिवशी. दिवस करून परत आला आणि कामावर लागला.

आता जायची वेळ आली तेव्हा त्यानं हे सगळं रफीकला सांगितलं. रफीक खेडचा. जवळच्या ॲल्युमिनियमच्या दुकानात गाडी चालवायचा आणि अरबी अशी बोलायचा की अरबांनाही तो कुठला ते कळायचं नाही.

"बुरैदात काम करत होते हे कोणी सांगितलं?" रफीकनं विचारलं.

"पत्ताच बुरैदाचा होता."

"पत्ता कफिलाचा असतो, मालकाचा, मोहनभाई. तुझी पत्रं कुठं यायची? मुदीरसाहेबाच्या बॉक्सवर. म्हणून काय तू पोस्टात राहत होतास?"

तीस वर्षं आपण हेच केलं, आपलं पाकीट एका गावात आणि आपण दुसऱ्या गावात, आणि हे आपल्याच डोक्यात कसं आलं नाही, याचं मोहनला नवल वाटलं.

"माणूस मेला कुठं ते शोध," रफीक म्हणाला. "नोंद तिथंच असते. घरी कोणाला काय आठवतंय का, विचार."

शुक्रवारी मोहननं सासूला फोन लावला. तुळसाबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागलं.

"मामी, ते सुट्टीवर आले तेव्हा तिकडचं काय काय सांगायचे?"

"काय सांगनार? बोलायचेच नाय फार. गरम होतंय म्हनायचे."

"गावाचं नाव?"

"त्या गावाचं नाव माज्या तोंडात बसायचं नाय, पावणं. तांदूळ आनलेला त्यांनी."

"कसला तांदूळ?"

"लाल. आपल्या पटणीसारखा. मी म्हटलं, वाळवंटात कसला भात पिकतोय? तर म्हनाले, पिकतो, झरे हायत, खजुरीच्या बुडात चिखल करतात. मला काय ते खरं वाटलं नाय. पन शिजला बरा."

मोहननं फोन ठेवला आणि रफीकला गाठलं. रफीक ऐकून हसला. "मग सोपं झालं की. लाल तांदूळ हुफूफला पिकतो. आणि कुठं नाय या मुलखात. तुझा सासरा हुफूफला होता."

पुढच्या आठवड्यात रफीकच्या गाडीतून दोघं हुफूफला गेले. रस्ताभर वाळू, आणि मग अचानक खजुरीची झाडं सुरू झाली ती संपेनातच. सरकारी हॉस्पिटलात नोंदींचा विभाग तळमजल्याला होता. जुनी रजिस्टरं आता कॉम्प्युटरवर चढवलेली होती. काउंटरवरच्या तरुण सौदी कारकुनानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, देश विचारला आणि साल विचारलं. साल हिजरी लागणार हे रफीकला ठाऊक होतं. त्यानं गाडीतच हिशेब करून ठेवला होता. चौदाशे सहा किंवा सात.

कारकून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग मान हलवून काहीतरी बोलला.

"आहे म्हणतोय," रफीक म्हणाला. "भिकू राघो. हिंदी, म्हणजे भारतीय. चौदाशे सात."

मोहननं दोन्ही हात काउंटरवर टेकले. "तारीख विचार."

"तारीख कागदावर देणार, तोंडी नाही. आणि कागद वारसाला. तू कोण लागतोस विचारतोय."

"जावई."

कारकुनानं मान हलवली. जावई वारसात येत नाही. बायको हयात असेल तर तिचं अधिकारपत्र हवं, आणि जावई कोणाचा नवरा ते दाखवायला मुलीचे कागद. मुलगीच का आली नाही, असंही त्यानं सहज विचारलं.

रफीकनं ते मराठीत सांगितलं नाही. खाली मान घालून अरबीत दोन शब्द बोलला. कारकून उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून मोहनला काही म्हणाला आणि परत बसला.

"सासूचं पत्र, तुमच्या लग्नाचा दाखला," रफीक हळू म्हणाला, "आणि भाभींचा मृत्यूचा दाखला. तिन्ही आणले की लगेच देतो म्हणतो. दाखला आहे ना तुझ्याकडे?"

"नाही."

"घरी असेल."

"काढलेलाच नाही."

रफीकनं त्याच्याकडे बघितलं. "दीड वर्ष झालं, मोहनभाई."

"माहीत आहे मला."

खरं तर दवाखान्यानं नगरपरिषदेत कळवलं होतं, नोंद तिथं झालेली होती. दाखला जाऊन मागायचा तेवढा बाकी होता. सानिका, त्याची मुलगी, दोन-चारदा म्हणाली होती. बँकेत लागतो, रेशनकार्डावर आईचं नाव तसंच आहे. दर वेळी मोहन म्हणाला, बघू. कार्डावर नाव राहिलं तर कोणाचं काय बिघडतं, असं त्याला वाटायचं. आपण मागायला गेलो तर आपणच ते खरं केलं, असंही वाटायचं, पण हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

परत येताना वाटेत गाडी थांबवून रफीक चहा आणायला उतरला. मोहननं सानिकाला फोन लावला.

"आईचा दाखला काढ."

"पप्पा, तुम्हीच नको म्हणाला होतात."

"आता हवा. आजीच्या अंगठ्याचं पत्र पण कर. वकिलाला विचार कसं करायचं. आणि लग्नाचा दाखला लोखंडी कपाटात आहे, साड्यांच्या खाली."

"साड्या मी हलवल्या नाहीत अजून."

"मग हलव," मोहन म्हणाला. "तुला हव्या त्या घे."

दाखल्याचा फोटो चार-पाच दिवसांनी आला. मोहन दुपारी खोलीत एकटाच होता. त्यानं फोटो मोठा करून नाव वाचलं, तारीख वाचली, पत्ता वाचला. सगळं बरोबर होतं. बरोबर आहे, असं त्यानं सानिकाला लिहून कळवलं. मग फोन उशीवर ठेवून तो बराच वेळ बसून राहिला. खोलीतला नेपाळी आत आला, त्याच्याकडे बघून पुन्हा बाहेर गेला.

मूळ कागद कुरिअरनं आले. रफीकनं त्यांचं अरबी भाषांतर करून शिक्के मारून घेतले. जायच्या आधीच्या आठवड्यात ते पुन्हा हुफूफला गेले. तोच कारकून होता. त्यानं कागद चाळले, छापील उतारा काढला आणि दोन्ही हातांनी मोहनला दिला. कारण, हृदय बंद पडणं. दफन, शहराबाहेर परधर्मीयांच्या जागेत. तारीख, हिजरी सफर महिन्याची एकोणीस.

"इंग्रजी तारीख नाही?" मोहननं विचारलं.

"चंद्राची तारीख आहे, त्यात सगळं आलं," रफीक म्हणाला. "आमचा महिना चंद्र दिसल्यावर चालू होतो. तू तुझ्या सासूला सांग, एकोणिसावा चंद्र."

मोहननं हॉस्पिटलाच्या पायऱ्यांवरूनच फोन लावला. "मामी, कागद मिळाला. दिवाळीच्या आधी, चंद्र दिसल्यापासून एकोणिसाव्या दिवशी."

तुळसाबाई बोटांवर काहीतरी मोजत असाव्यात. "पुनव झाल्यावर पाच-सहा दिवस," त्या म्हणाल्या. "म्हंजी वद्य षष्टी." आणि मग, "माझ्या पोरीला कळायला हवं होतं."

"हो," मोहन म्हणाला.

गावच्या भटजींनी जुनं पंचांग काढून बघितलं. आश्विन वद्य षष्ठीच निघाली.

त्या वर्षी पितृपक्षात षष्ठीला तुळसाबाईंच्या ओटीवर भिकू धुमकांचं पहिल्यांदा एकट्याचं पान वाढलं गेलं. मोहननं हुफूफच्या बाजारातून लाल तांदूळ आणला होता, त्याचा भात केला होता. कावळा लगेच आला नाही. तुळसाबाई खांबाला टेकून बसल्या. "उशीरच करायचे जेवायला," त्या म्हणाल्या. "हाका माराव्या लागायच्या."

सानिका आत भांडी आवरत होती. उरलेला तांदूळ ती डब्यात ओतायला लागली तशी तुळसाबाईंनी तिला थांबवलं.

"तो वर ठेव, बाय. नवमीला लागंल."

अविधवा नवमी तीन दिवसांवर होती. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा म्हाळ त्या दिवशी असतो, त्यांची तिथी कोणाला शोधावी लागत नाही. मोहन उठला, सानिकाच्या हातून पिशवी घेतली, तोंड सुतळीनं घट्ट बांधलं आणि फळीवर ठेवली.