पिंजऱ्यातला ट्रॅगोपॅन

ट्रॅगोपॅन म्हणजे पालापाचोळ्यात वावरणारा, कोंबड्याएवढा लालभडक पक्षी. त्याच्या अभ्यासासाठी शैलजानं नागालँडची ढगांत बुडालेली जंगलं पाच वर्षं पालथी घातली, जळवांना रक्त पाजलं. तो दिसला तीनदाच. लग्न करून अमेरिकेत बॉथेलला आली, तर इथे एका हौशी म्हाताऱ्याच्या पिंजऱ्यात तोच पठ्ठ्या निवांत दाणे टिपत होता!

तिची जाण बघून म्हातारा म्हणाला, "सोमवारपासून कामावर या."

"डिपेंडंट व्हिसावर जॉब चालत नाही," नवरा, अतुल, परस्पर सांगून मोकळा झाला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "काय मस्त ठेवलंय यार त्याला! हीटर, आयतं खाणं. कसली म्हणून ददात नाही."

"हो ना," शैलजा म्हणाली. "तू मला ठेवलंयस, अगदी तसं."