पेंडरसाहेबांचा बर्फ

ग्रॅहम पेंडर तलावाकाठी घर घेऊन आमच्या विलो बेंड गावात राहायला आला, तेव्हा तो गपगुमान मासे पकडत बसेल अशी आमची समजूत होती. विनिपेगला विमा कंपनीत तीस वर्षं साहेबगिरी केलेला माणूस. पण ज्याला आयुष्यभर मीटिंगा घ्यायची खोड लागली, त्याचं माशांवर कसं भागणार? ऑक्टोबरात आला आणि महिन्याभरात त्यानं गावाच्या बर्फाच्या रिंकसाठी, म्हणजे स्केटिंगच्या मैदानासाठी, समिती काढली.

रिंकला समिती! आमच्याकडे रिंकला एमिल होता, तेवढा पुरत होता.

एमिल शार्ट्रँड, सत्तरी ओलांडलेला सुतार. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा खर्च न करणारा. सव्वीस हिवाळे त्यानं गावाच्या हॉलमागच्या मोकळ्या जागेत रिंक घातली होती. आधी पडलेला भुसभुशीत बर्फ पायांनी तुडवून सपाट करायचा, भोवती फळ्यांचा कठडा उभारायचा, मग रोज संध्याकाळी पाइपानं पाण्याचा पातळ फवारा मारायचा. एक थर दगडासारखा गोठला की मगच दुसरा. असे तीसेक थर. मी, थोरा, शाळेची बस चालवायची सोडल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्याच्या हाताखाली होते. उणे पंचविसात पाइप धरून हातमोजे लाकडासारखे कडक व्हायचे. तेव्हा मदतीला कोण यायचं? कोणी नाही. जानेवारीत स्केट्स घालून मात्र अख्खं गाव यायचं, आणि कोपऱ्यात जरा खडबडीत झालंय म्हणून नाकं मुरडायचं.

समितीच्या पहिल्या बैठकीला पेंडरनं भिंतीवर तक्ता लावला.

"तीस थर कशाला हवेत? महिना जातो," तो म्हणाला. "टँकर आणू, एका दुपारी चार इंच पाणी सोडू. दोन दिवसांत गोठेल. वीस डिसेंबरला उद्घाटन. पेपरवाले येणार आहेत, मी बोललोय त्यांच्याशी."

एमिल मागच्या खुर्चीवरून म्हणाला, "वरचं गोठतं. खालचं मुरतं. आत पोकळ राहतं."

"एमिल, तुमच्या अनुभवाचा आम्हा सगळ्यांना आदरच आहे," पेंडर म्हणाला.

हे वाक्य कुठल्याही भाषेत ऐका, त्याचा अर्थ 'आता गप्प बसा' एवढाच असतो.

मतदान झालं. चौदा हात वर गेले. मी एकेक हात नीट बघून घेतला. फावडं धरलेला एकही नव्हता. एमिल उठला, पाइपाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि टोपी घालून निघून गेला.

मी हात वर केला नाही. पण तोंडही उघडलं नाही. मनात म्हटलं, होऊन जाऊ दे. पडेल तोंडावर, आणि आपण पहिल्या रांगेत उभं राहून बघू.

पुढचे पंधरा दिवस नुसती करमणूक होती. समितीला पिवळीधमक जाकिटं आली, पाठीवर 'स्वयंसेवक' असं छापलेली. ती घालून मंडळी हॉलमध्ये कॉफी प्यायची. बर्फाचा पत्ता नव्हता, पण बर्फावर कसं वागावं याचे सतरा नियम प्लास्टिकमध्ये घालून कठड्याला ठोकले गेले. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी टँकर आला आणि तासाभरात रिकामा झाला. पेंडर कंबरेवर हात ठेवून त्या डबक्याकडे असा बघत होता, जणू तलाव त्यानंच खणला.

उद्घाटनाच्या शनिवारी सकाळी मी मुद्दाम गेले. लांबून रिंक काचेसारखी दिसत होती. जवळ गेल्यावर मध्यभागी चांगले मोटारीएवढे पांढुरके डाग दिसले. पांढरं म्हणजे खाली हवा. मी टाच आपटली. ढब्ब असा आवाज आला, रिकाम्या पिंपासारखा.

तेवढ्यात मार्लिस एइनार्सन मागून आली. तिची गावात बेकरी आहे, आणि ती माझी पहिलीच्या वर्गापासूनची मैत्रीण. उद्घाटनासाठी तिनं आलुबुखाराचा सात थरांचा केक केला होता, तो ठेवायची जागा बघायला आली होती.

"काय गं, कसा झालाय बर्फ?" तिनं विचारलं.

"साहेबांना विचार," मी म्हटलं. "त्यांचाच आहे तो."

ती हसली. मीही हसले. आणि आम्ही दोघी हॉलमध्ये कॉफी प्यायला गेलो.

दुपारी दोनला साठेक माणसं जमली. एमिल आला नव्हता. नव्या कोऱ्या स्केट्स घातलेला पेंडर कठड्याला धरून नुकत्या जन्मलेल्या वासरासारखा उभा होता. भाषण मात्र खणखणीत. एकजूट झाली, भविष्य झालं, परंपरेला आधुनिकतेची जोड वगैरे तेही झालं. मग पेपरच्या फोटोवाल्या मुलीनं सांगितलं की केक मध्यभागी आणा, छान दिसेल. मार्लिस दोन्ही हातांत केक घेऊन बर्फावर उतरली.

मी तिला हाक मारू शकले असते. माझं लक्ष पेंडरच्या पायांकडे होतं.

फळी मोडावी तसा आवाज झाला. आणि मी हसले. खरं तेच सांगते. मोडलं ते पेंडरच्या पायाखालचं, असं मला वाटलं होतं.

मार्लिसचा उजवा पाय नडगीपर्यंत आत गेला होता. खाली जेमतेम चार बोटं चिखलपाणी, बुडण्याचा प्रश्नच नव्हता. पण पाय आत अडकला आणि ती आडवी पडली. हाड मोडल्याचं तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. केक बराच लांब जाऊन पडला. पिवळ्या जाकिटांपैकी कोणी हललं नाही; बहुतेक त्यासाठी नियम नव्हता. पेंडर मात्र हातापायांवर रांगत तिच्यापर्यंत गेला, आपलं जाकीट काढून तिच्या डोक्याखाली घातलं, आणि स्वतःच्याच गाडीतून तिला साठ किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं. एवढं त्याच्या पदरात घालायला हवं.

दोन दिवसांत समिती विरघळली. कोणाला पाठदुखी, कोणाकडे पाहुणे. 'विचित्र हवामानामुळे' असं एक पत्रक निघालं. हवामान बिचारं उणे वीस होतं, दर डिसेंबरात असतं तसं.

सोमवारी सकाळी पहारीचा आवाज ऐकून मी गेले. एमिल एकटा बर्फाचा पापुद्रा फोडत होता. मी फावडं घेतलं. फुटलेले तुकडे कठड्याबाहेर टाकू लागले.

मग मी म्हटलं, "एमिल, मला शनिवारी सकाळीच दिसलं होतं. पांढरे डाग. आवाजही ऐकला होता."

त्यानं पहार थांबवली. माझ्याकडे बघितलं.

"मार्लिसला सांगितलंस?"

"नाही."

"सांग," तो म्हणाला, आणि पुन्हा फोडायला लागला.

तिसऱ्या दिवशी पेंडर आला. एकटाच. काय करावं ते न कळून कठड्यापाशी उभा राहिला. एमिलनं त्याच्यापुढे ढकलगाडी सरकवली. त्या दिवशी पेंडरनं घोड्यासारखं काम केलं आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवला: ढकलगाडीची रचना कशी चुकीची आहे, फावड्यांना नंबर का हवेत, काय आणि काय. पण दुसऱ्या दिवशी परत आला. त्यानंतरही येतच राहिला. माझी फार इच्छा होती त्यानं येऊ नये. रोज येणाऱ्या माणसाला नावं ठेवणं जड जातं. मी तरी ठेवलीच.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मी मार्लिसकडे गेले. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. मी दारातच सगळं सांगून टाकलं, तिनं बसायला सांगायच्या आधी.

तिनं पायाखालची उशी सरळ केली.

"पेंडर गाढव आहे," ती म्हणाली. "गाढवानं लाथ मारली तर माणूस रडतं, शिव्या देतं, विसरून जातं. तू गाढव नाहीस, थोरा. जाताना दार नीट ओढून घे. गार वारा येतोय."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बेकरीत तिची भाची मला पाव द्यायची आणि मार्लिस आतल्या खोलीत असायची. पेंडर मात्र दर मंगळवारी तिच्याकडे सूप घेऊन जायचा, पत्ते खेळायचा, हरायचा. हात वर करणाऱ्या त्या चौदा जणांशीही ती हसून बोलायची. मी रस्त्यात दिसले की ती दुकानाच्या काचेत बघायची. मला राग यायचा. मी तर साधं मतही दिलं नव्हतं! घरी येऊन हे वाक्य मी स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं. दर वेळी ते आणखी फालतू वाटायचं.

रिंक जानेवारीच्या अखेरीस सुरू झाली. फीत नाही, भाषण नाही. एमिलनं कठड्याचं फाटक उघडलं आणि तो जेवायला गेला. तासाभरात गाव हजर, आणि कोपऱ्यात खडबडीत झालंय ही तक्रारही हजर.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी एमिलला ताप होता म्हणून पाइप पेंडरकडे होता. मी बाजूला फावडं मारत होते. मार्लिस काठी टेकत आली आणि कठड्याला रेलून उभी राहिली, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मान वर केली नाही.

"तो बघ," ती म्हणाली. "एकाच जागी ओततोय."

मी बघितलं. पेंडर पाइप धरून एका कोपऱ्यात उभा होता आणि भोवती डबकं वाढत होतं.

"त्याला सांगणार आहेस," मार्लिस म्हणाली, "की याही वेळी बघत राहणार?"

मी फावडं टाकलं आणि बर्फावरून त्याच्याकडे चालत गेले.

"साहेब, पाइप हलवा. पातळ मारा, पातळ."

"थोरा, त्याचं असं आहे की मी पाण्याच्या दाबाचा एक हिशेब मांडलाय—"

"हलवा म्हणते ना!"

त्यानं हलवला. हलवताना माझे दोन्ही बूट भिजवले, आणि सॉरी म्हणायला वळला तेव्हा कोटही भिजवला. मागे मार्लिस मोठ्यानं हसली. मी वळून बघितलं तर ती काठी सावरत निघाली होती. माझ्यासाठी थांबली नाही.